सॉल्ट स्प्रे टेस्ट आणि एक रकाना: माझा अनुभव

रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. रणगाड्याच्या ॲक्टिव्ह प्रोटेक्शन सिस्टीममधल्या (येणारा मारा हवेतच अडवणाऱ्या यंत्रणेतल्या) रडारसाठी ॲल्युमिनियमची पेटी बनवायचं काम पुण्याच्या एका कंपनीकडून मिळालं. व्हेंडर नोंदणी, मशिनिंग, ॲनोडायझिंग सगळं पटापट झालं. घोडं अडलं ते सॉल्ट स्प्रे टेस्टच्या, म्हणजे खाऱ्या हवेत धातू गंजतो का हे बघायच्या चाचणीच्या, लॅबमधल्या फॉर्मवर.

फॉर्मात 'अंतिम वापर' असा रकाना होता. गोपनीयतेच्या करारामुळे सिस्टीमचं नाव लिहायची सोय नाही. 'संरक्षण' लिहिलं, तर काउंटरवरचे साहेब म्हणाले, "मग सरकारी पत्र आणा." 'औद्योगिक' लिहिणं म्हणजे सरळ खोटं, आणि तसला रिपोर्ट कंपनीने घेतलाच नसता. फोन केला की मॅडम मीटिंगमध्ये, मेल केला की तोच कोरा फॉर्म परत. आमचा नमुना बबल रॅपमध्ये गुंडाळलेला, त्यांच्याच टेबलाखाली पडून. चाचणी काय, तर ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं आणि ३५ अंश तापमान! अजून आठवलं तरी डोकं तापतं.

ही पेटी किरकोळ नाही हो. आरपीजीचा, म्हणजे खांद्यावरून डागायच्या रणगाडाविरोधी शस्त्राचा, गोळा सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास वेग गाठतो. शंभर मीटरवरून आला तर हातात सेकंदाचा तिसरा हिस्सा. तेवढ्यात रडारने तो टिपायचा आणि उलटा मारा सुटायचा. इस्रायलच्या ट्रॉफी नावाच्या अशाच सिस्टीमने १ मार्च २०११ रोजी गाझाजवळ मर्काव्हा रणगाड्यावर आलेला मारा असाच हवेत अडवला. प्रत्यक्ष लढाईतली तिची ती पहिली वेळ. हे रडार उघड्यावर, टरेटवर (तोफेच्या फिरत्या बुरुजावर) बसतं. पेटीत ओल शिरली तर आतल्या जवानांचं काय?

शेवटी कंपनीच्या क्वालिटीतल्या ताईंनी लेटरहेडवर पत्र दिलं: 'वाहनाच्या बाह्य भागावरील इलेक्ट्रॉनिक उपकरणाचे आवरण', खाली ऑर्डरमधला स्पेसिफिकेशन नंबर. त्याच दिवशी फॉर्म घेतला गेला. असं पत्र नमुना पाठवायच्या आधीच मागून घ्या.

हो, आणि ॲल्युमिनियमला स्टीलचा बोल्ट थेट लावू नका, मध्ये इन्सुलेटिंग वॉशर हवा. नाहीतर भोकाभोवती गंजाची पांढरी भुकटी धरते. मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवर आम्ही हे लहानपणापासून बघतोय. आमच्या पेटीला एक डागही आला नाही, याचा मला अभिमान आहे. रिपोर्ट हातात आला की ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर तिथेच तपासा, मगच लॅबमधून निघा.