नवव्या प्रश्नाबद्दल तक्रार

बडोद्यात विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याचा सर्व्हे करायचा असेल तर दसऱ्यानंतरचा पहिला आठवडा सोडून वर्षातला कुठलाही आठवडा घ्यावा. आम्हाला निवड नव्हती. पुढे इंटर्नल परीक्षा, तिच्या पाठोपाठ दिवाळीची सुट्टी, मधल्या फटीत आमचा नंबर लागला. त्यामुळे दुपारी पहिला गठ्ठा चाळता चाळता माझी रिसर्च असिस्टंट एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली, "मॅम, आखो क्लास डिप्रेस छे?"

गठ्ठ्यात पीएचक्यू-९ होती, नैराश्याची चाळणी करणारी प्रश्नावली. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत हे किती दिवस जाणवलं, त्याला शून्य ते तीन गुण. जास्तीत जास्त बेरीज २७, आणि ती १० किंवा त्याच्या वर गेली की त्या माणसाला नीट तपासायला हवं असं धरतात. इथे निम्मा वर्ग दहाच्या पलीकडे. मला हसू आलं. झोप पुरी होत नाही, अंगात त्राण नाही, खाण्याचं वेळापत्रक बिघडलंय, लक्ष लागत नाही... अगं, गेले दोन आठवडे म्हणजे नवरात्र! रात्री उशिरापर्यंत गरबा, मग मैदानाबाहेरच्या गाडीवर काहीतरी खाणं, आडवं व्हायला तीन वाजणार आणि सकाळी साडेआठला प्रॅक्टिकल. क्रोन्के, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी २००१ मध्ये ही प्रश्नावली तपासून मांडली ती दवाखान्यात आलेल्या अमेरिकन पेशंटांवर. त्यांनी आमचा गरबा कुठे पाहिला होता?

नववा प्रश्न मात्र गरब्याने वाढत नाही.

'आपण मेलो असतो तर बरं झालं असतं किंवा स्वतःला काही इजा करून घ्यावी, असे विचार' असा तो प्रश्न आहे. तीन फॉर्मवर शून्याच्या पुढे खूण होती. एकावर 'जवळजवळ रोज'.

आमचा अभ्यास काय होता ते थोडक्यात सांगते. पदवीच्या मुलांचा स्वभाव, घरच्यांशी आणि मित्रांशी असलेली त्यांची भावनिक जवळीक, आणि त्यांचं एकूण बरं वाटणं, यांचा एकमेकांशी संबंध कसा लागतो ते पाहायचं होतं. स्वभावासाठी पाच घटकांची नेहमीची प्रश्नावली. जवळीक मोजायला फ्रेली आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दिलेली मोजपट्टी. तीत आई, वडील, जोडीदार, जिवलग मित्र अशा प्रत्येकाबद्दल तेच नऊ प्रश्न वेगवेगळे विचारतात. मूळ विचार जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांचा, तान्ह्या मुलांवरून सुरू झालेला. मोठ्यांच्या बाबतीत तो दोन आकड्यांवर येऊन ठेपतो. हे माणूस मला सोडून जाईल ही धास्ती किती, आणि या माणसाला मनातलं सांगायचं टाळतो किती. बरं वाटणं मोजायला डब्ल्यूएचओ-५, पाच वाक्यांची प्रश्नावली. आणि नैराश्याच्या चाळणीसाठी ही पीएचक्यू.

फॉर्मवर नाव नव्हतं, एक कोड होता. जानेवारीत याच मुलांकडून पुन्हा फॉर्म भरून घ्यायचे होते, जोड्या जुळाव्यात म्हणून प्रत्येकाने स्वतःच कोड बनवायचा: आईच्या नावाची पहिली दोन अक्षरं, पुढे आपल्या जन्माची तारीख.

"मॅम, जन्मतारीख ऑफिसच्या रजिस्टरमध्ये आहे," असिस्टंट म्हणाली. "आईचं नावही आहे. दोन मिनिटांत सापडेल."

सापडलं असतंच. तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. या नवव्या प्रश्नावर खूण करणाऱ्यांच्या बाबतीत पुढच्या महिन्यांत धोका खरोखर जास्त असतो, हे अमेरिकेतल्या हजारो पेशंटांच्या नोंदींवरून २०१३ मध्ये दिसलेलं आहे. दुसरीकडे, सकाळी त्याच वर्गात मी उभी राहून सांगितलं होतं की तुम्हाला कुणीही ओळखणार नाही, आणि त्या भरवशावर त्यांनी खरं लिहिलं होतं. मुलाला कॉरिडॉरमध्ये गाठून 'तुझा फॉर्म पाहिला' म्हटलं असतं तर तो एक कदाचित सावरला असता. बाकीच्या वर्गाने मात्र यापुढे कुठल्याही कागदावर शून्यच लिहिलं असतं, आणि ते शून्य आम्ही आनंदाने टाइप करत बसलो असतो.

आमच्याकडे शिकवणारी एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मैत्रीण आहे. तिला बोलावलं. ती म्हणाली, तिघांना शोधू नका, सगळ्यांनाच बोलवा. मला हे पटलं. वर्गात जाऊन सांगितलं की सगळ्यांचे निकाल वाचले. काही जणांना बराच त्रास होतोय असं दिसतंय. कोण ते आम्हाला माहीत नाही आणि आम्ही शोधणारही नाही. पण आज प्रत्येकाने आमच्यापैकी एकीला एकट्याने पाच मिनिटं भेटायचं. गप्प बसायचं असेल तर गप्प बसा, पण पाच मिनिटं आत बसा. सगळेच आत जाणार असतील तर कोण कशासाठी गेलं ते बाहेरच्याला कळत नाही, एवढाच त्यातला डाव.

सगळ्यांत आधी एक मुलगी आली. आली म्हणजे, रांग लागायच्या आत दारात हजर. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली, "मॅम, ती खूण मीच केली होती," आणि रडायला लागली. तिची एक मैत्रीण बाहेर पर्स धरून उभी. त्या मैत्रिणीला माहीत होतं, आईला माहीत होतं, रूममेटला माहीत होतं. माझ्या सहकारी, म्हणजे त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, तिला घेऊन शेजारच्या खोलीत बसल्या. पुढचा पाऊण तास मी नेहमीचं ऐकलं: बॅकलॉग, तुटलेलं प्रेम, 'पप्पा दुकान सांभाळ म्हणतात', आणि एकाने तर गरब्याचे पास विकून त्याला किती फायदा झाला तेही सांगितलं. दोघेजण खरोखर पाच मिनिटं छताकडे पाहत बसले. त्यांचं मला काही वाटलं नाही, तसं सांगितलंच होतं.

मग एक मुलगा आला. इथे त्याची ओळख पटेल असे तपशील मी बदललेत आणि हे आधी त्याला वाचायला दिलंय. घर सुरतेला, उधन्याकडे, वडील खानदेशातून मागावर काम करायला आलेले. तो स्टॅटिस्टिक्सला, तिसऱ्या वर्षाला. वर्गात प्रोजेक्टर बिघडला की ज्याला हाक मारतात तो. आत आल्यावर बसला नाही. टेबलावर भरलेल्या संमतिपत्रांची चळत होती, ती बोलता बोलता चारी बाजूंनी ठोकून सरळ करत राहिला.

"मॅडम, मला माझ्या फॉर्मबद्दल काही बोलायचं नाही. प्रश्नावलीबद्दल बोलायचंय."

"बोल की."

"नववा प्रश्न चुकीचा आहे. त्यात दोन प्रश्न 'किंवा' लावून जोडलेत. एखाद्याला पहिलं लागू आहे, दुसरं नाही, तर त्याने काय लिहायचं? सर्व्हेच्या पेपरात असा प्रश्न काढला तर आमचे सर मार्क कापतात."

तो अगदी बरोबर बोलत होता. हीच टीका या प्रश्नावर संशोधकांनीही केलेली आहे: 'मी नसतो तर बरं' हा निष्क्रिय विचार आणि स्वतःला इजा करण्याचा विचार या दोन वेगळ्या पायऱ्या, त्या एका चौकटीत कोंबल्यात. मी त्याला तसं सांगितलं. मी प्रश्नावलीची बाजू घेऊन भांडेन अशी त्याची तयारी असावी, कारण तो क्षणभर अडखळला.

"मग तू काय लिहिलंस?"

"शून्य."

"का?"

"दुसरा भाग लागू नाही. एक भाग खोटा, म्हणजे सगळं खोटं."

"ते 'आणि' असेल तेव्हा," मी म्हटलं. "इथे 'किंवा' आहे."

चळत ठोकणं थांबलं. "हो," तो म्हणाला. "ते मला माहीत आहे." आणि खुर्ची ओढून बसला.

आता पुढचं विचारताना नवे शिक्षक घाबरतात. आत्महत्येबद्दल थेट विचारलं तर पोराच्या डोक्यात नसलेला विचार आपणच घालू, अशी भीती असते. ती खरी नाही. २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या दोन हजारांहून जास्त मुलांवर हे तपासून झालंय. असे प्रश्न विचारलेल्या मुलांचा त्रास वा तसले विचार वाढले नाहीत. मी सरळ विचारलं. त्यानेही सरळ सांगितलं. स्वतःला काही करून घ्यायचा विचार नाही, तसं काही ठरवलेलं नाही. पण गेले काही महिने एक हिशोब डोक्यात चालू असतो: हॉस्टेलची फी, मेसचं बिल, जायचं-यायचं भाडं, हे सगळं घरखर्चातून वजा केलं तर बहिणीचं काय काय होतं. "मी नसतो तर घरचा ताळेबंद सोपा झाला असता, एवढंच." आवाज इतका सपाट की बाहेर उभ्या असलेल्याला वाटावं, पोरगं प्रोजेक्टची अडचण सांगतंय.

हा सपाट आवाज आमच्या विषयात जुना ओळखीचा आहे. आई खोलीतून बाहेर गेली तरी काही बाळं रडत नाहीत, खेळण्यातच दंग दिसतात. १९७७ मध्ये स्रूफ आणि वॉटर्स यांनी लिहिलं की अशा बाळांचेही हृदयाचे ठोके वाढलेलेच असतात. पुढे डोझियर आणि कोबॅक यांनी १९९२ मध्ये मोठ्या मुलांना आईवडिलांबद्दल प्रश्न विचारताना त्यांच्या त्वचेची विद्युतवाहकता मोजली. जे 'काही विशेष नाही' म्हणून विषय झटकतात, नेमकी त्यांचीच वाढत होती. आणि अशी माणसं समुपदेशकाकडे सहसा जात नाहीत, त्रास आहे हेच मुळात मान्य करत नाहीत. वोगेल आणि वेई यांना २००५ मध्ये कॉलेजच्या मुलांतच हे आढळलं. सोडून जाण्याची धास्ती असलेली मुलं मात्र येतात. त्या पहिल्या मुलीसारखी, रांगेच्याही आधी.

एवढं सगळं मी वर्षानुवर्षं शिकवते. पण ते माणूस समोर तक्रारअर्ज घेऊन येऊ शकतं, हे कुठल्या पेपरात वाचलं नव्हतं.

आईबद्दल विचारलं तर म्हणाला, "आई चांगली आहे. सांगितलं तर हातातलं काम टाकून गाडीत बसेल. म्हणून सांगत नाही." मग स्वतःच फॉर्मवर आला. अडचणीत हिच्यावर भिस्त ठेवता येते का, याला त्याने पूर्ण गुण दिले होते. हिच्याशी आपल्या चिंता बोलता का, याला काहीच नाही. आमच्या मोजपट्टीत मन लपवण्याबद्दलचे सहा प्रश्न आहेत, त्यांची आम्ही सरासरी काढतो. याची सरासरी येणार मधोमध, इतर शंभर जणांसारखी. शिवाय यातलं किती टाळणं आणि किती आईला जपणं? आपल्याकडची निम्मी शहाणी मुलं घरी असंच वागतात आणि आपण त्यांना समंजस म्हणून पाठ थोपटतो. मला त्या मोजपट्टीचा राग नाही, हजार मुलांचा कल सांगायला ती चांगलीच आहे. पण समोर बसलेल्या मुलाला तिच्यावरून 'टाळणारा' म्हणायला माझी जीभ त्या दिवशी वळली नाही, अजून वळत नाही.

माझ्या सहकारी आल्या. मी थोडा वेळ बाहेर उभी राहिले. दोघांनी मिळून एक कागद तयार केला: विचार घट्ट व्हायला लागले की कशावरून कळतं, तेव्हा कुठे जायचं, कुणाला फोन करायचा, रूमवर एकटं किती वेळ राहायचं नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोबाइलमध्ये टाकला. तो चोवीस तास चालतो. दुसऱ्या दिवशी सयाजी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत जायचं ठरलं, सोबत हॉस्टेलचा एक मित्र. तो मित्र बाहेर रांगेतच होता आणि त्याला यातलं काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. आईला फोन आम्ही करावा का, यावर थोडी घासाघीस झाली. शेवटी त्यानेच केला, आमच्यासमोर, स्पीकर न लावता. आई म्हणाली ते आम्हाला ऐकू आलं नाही. त्याचं मात्र ऐकू आलं: "नाही गं, आज नको. आता गाडी कुठली मिळणार तुला?" रात्री ती बडोदा स्टेशनवर उतरली.

तीन फॉर्मपैकी एक त्या मुलीचा. उरलेल्या दोघांपैकी कुणी आमच्याशी बोललं का, हे सांगता येत नाही. अर्धवट, आडून आडून बोललेले बरेच होते. पुढचे सगळे दिवस माझ्या सहकारी ठरावीक वेळी त्याच खोलीत बसत होत्या आणि दार उघडं होतं. आणि ज्याच्यासाठी आईला रात्रीच्या गाडीने यावं लागलं, त्याच्या कोडपुढे फाइलमध्ये शून्य आहे. तो आकडा मी बदललेला नाही. माहितीच्या फाइलीत मागाहून हात घालायचा नसतो.

नववा प्रश्नही मोडता येत नाही. प्रमाणित प्रश्नावलीतला शब्द इकडचा तिकडे केला की आधीच्या सगळ्या अभ्यासांशी तुलनाच संपते. एथिक्स समितीची परवानगी घेऊन आम्ही जानेवारीच्या फॉर्मला एक वेगळं पान जोडलं: दोन्ही प्रश्न सुटे सुटे, आणि खाली फाडून देता येईल अशी चिठ्ठी, 'मला कुणी भेटलेलं चालेल' आणि नंबर. सर्वांनी ती दुमडून द्यायची, कोरी असली तरी.

ते पान छापायच्या आधी मी त्या मुलाला वाचायला दिलं. तो आता सुरतेहून ये-जा करतो आणि औषधाबद्दल कुरकुरतो. दोन दिवसांनी पेन्सिलीच्या खुणा करून पान परत आणलं. आमच्या पानात काही खोट काढता आली नाही म्हणून की काय, त्याने डब्ल्यूएचओ-५ धरली होती. पाचही वाक्यं एकाच दिशेची आहेत, म्हणाला, सगळी चांगलंच विचारतात. न वाचता सरळ एका रेषेत खुणा करत गेलेला तुम्हाला कळणार कसा? ती मुद्दामच तशी ठेवलीय, त्रासाबद्दल न विचारता त्रास चाचपायचा म्हणून, असं मी त्याला समजावलं. त्याला ते पटलेलं नाही.