विणकामाचं किट गिफ्ट देताय? मग थोडं ऐका

दिवाळीला पुतणी घरी आली होती, फर्स्ट इयरला आहे, येताना हातात एक भलामोठा झिपवाला पाऊच. म्हणाली काकू, मैत्रिणींनी वाढदिवसाला विणकामाचं किट दिलंय, पण दोन महिने झाले मला काही जमत नाहीये, मला बहुतेक हे येणारच नाही. मला इतकं वाईट वाटलं ना. कारण पाऊच उघडून बघितला तर दोष तिचा नव्हताच. आत चाळीस-पन्नास वस्तू, क्रोशाच्या बारा सुया, रंगीत पिना, प्लास्टिकच्या सुया, एक गोलाकार वायरची सुई, म्हणजे मध्ये लवचिक वायर आणि तिच्या दोन्ही टोकांना जोडलेल्या छोट्या सुया, आणि लोकर किती तर छोटे छोटे काळे न् जांभळे गुंडे, तेही केसाळ! काळ्या केसाळ लोकरीवर मला पण संध्याकाळच्या ट्यूबलाइटमध्ये टाका दिसत नाही, तिथे त्या पोरीला कुठून दिसणार. वायरवाली सुई हातात घेऊन जोडावरून नख फिरवलं तर नख अडकलं. जिथे नख अडकतं तिथे प्रत्येक टाका अडकणार, हे लिहून ठेवा. तीस टाक्यांची ओळ असेल तर तीस वेळा थांबायचं, ओढायचं, मग लोकर पिंजते, आणि माणूस म्हणतो मला येत नाही.

मैत्रिणींनी किती प्रेमाने दिलं होतं ते, पैसेही कमी घातलेले नव्हते. म्हणून हे सगळं लिहायला बसले. थंडी सुरू झाली की नाशिकमध्ये बऱ्याच जणींना विणकाम आठवतं, निफाडचा पारा किती खाली गेला याच्या बातम्या यायला लागल्या की माझा फोन वाजतोच, कुठली सुई घेऊ, कुठली लोकर घेऊ.

तर पहिली गोष्ट, नवशिक्या माणसाला सेट नको. एक जोडी सुया हव्या. एकच. साडेचार किंवा पाच एमएमची, म्हणजे आपल्या दुकानात सात नंबर किंवा सहा नंबर म्हणून मागायची. आता या नंबरचा एक घोळ आहे तो नीट समजून घ्या, कारण यात पैसे वाया जातात. आपल्याकडे जुने ब्रिटिश नंबर चालतात, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. आठ नंबर म्हणजे 4 एमएम, दहा नंबर 3.25, बारा नंबर 2.75. अमेरिकेत बरोबर उलटं, नंबर वाढला की सुई जाड, तिथली आठ नंबर 5 एमएमची असते. माझ्या मावसबहिणीने तिकडून हौसेने आठ नंबर पाठवली होती, मी इथल्या आठ नंबरच्या हिशोबाने बाळाचा स्वेटर सुरू केला आणि तो तीन वर्षांच्या मुलाला बसेल एवढा व्हायला लागला, सगळा उसवला. तेव्हापासून मी नंबर बघतच नाही, सुईवर किंवा पाकिटावर एमएम लिहिलेलं असतं तेच बघते. ऑनलाइन मागवताना तर नक्कीच.

मग धातूची की लाकडाची? आपल्या आया-आज्या पोनी कंपनीच्या राखाडी ॲल्युमिनियमच्या सुयांवर शिकल्या, मी पण त्यावरच शिकले आणि त्या जन्मभर टिकतात, स्वस्तही असतात. पण नवीन हाताला त्या निसरड्या वाटतात, एक सुई मांडीवरून घसरली की दहा टाके सुटलेच. लाकडाची किंवा बांबूची सुई टाक्याला जरा धरून ठेवते, आवाज करत नाही, थंडीत सकाळी हाताला गारही लागत नाही. निटप्रोच्या त्या रंगीत लाकडी सुया येतात ना, परदेशात त्यांचं इतकं नाव आहे आणि त्या बनतात आपल्याच देशात, गिफ्ट म्हणून द्यायला मला त्या फार आवडतात, एक जोडी जरी दिली तरी घेणाऱ्याचा चेहरा खुलतो. लांबी मात्र बघा. चौदा इंची सुई सोफ्याच्या हाताला आपटत राहते, नवशिक्याला दहा इंची पुरते.

आणि कुणाच्या आईला, सासूबाईंना रिटायरमेंटनंतर द्यायचं असेल, बोटं दुखत असतील, तर वायरवाली सुई द्या, 80 सेमीची. विणलेल्याचं सगळं वजन मांडीवर पडतं, मनगटावर येत नाही. फक्त जोडावरून नख फिरवून बघा आधी. दुकानदार पाकीट उघडू देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.

लोकरीचं सांगायचं तर रंग फिका, एकरंगी, आणि पीळ चांगला असलेली. फिका गुलाबी, पिस्ता, आकाशी, क्रीम. ज्यात टाका दाण्यासारखा वेगळा दिसतो अशी. सुरुवातीला लुधियानाची वर्धमानसारखी साधी अ‍ॅक्रिलिक एकदम उत्तम, खूप उसवा, परत विणा, काही होत नाही तिला. शुद्ध लोकर गरम पाण्यात पडली की आटते न् जाड नमद्यासारखी होते, ती पुढच्या वर्षी. आणखी एक, गुंड्याच्या कागदावर लॉट नंबर असतो. दोन गुंडे घेताना तो सारखा आहे ना बघा. एकच रंग असला तरी वेगळ्या लॉटचा रंग किंचित वेगळा येतो, दुकानाच्या दिव्यात कळत नाही, उन्हात मफलर वाळत घातला की मध्येच पट्टा दिसतो. तो कागद टाकायचा नाही, किटमध्येच ठेवायचा.

बाळंतविड्यासाठी कुणी विणायला शिकत असेल, आणि खूप जणी त्यासाठीच शिकतात, तर बाळाच्या टोपड्याला केसाळ लोकर अजिबात नको, तोंडात जाते. बटणं पण नकोत, विणलेली दोरी लावा.

बाकी किटमध्ये काय? एक बोथट मोठ्या नेढ्याची सुई, टोकं लपवायला. छोटी कात्री, टेप. एक क्रोशाची सुई साधारण 4 एमएमची, कारण सुटलेला टाका उचलायला तिच्यासारखं काही नाही. खुणेसाठी महागडे मार्कर कशाला, साध्या सेफ्टी पिना चालतात. बस.

मी पुतणीसाठी दुसऱ्या दिवशी मेनरोडला गेले, दिवाळीनंतरची गर्दी ओसरलेली होती, निवांत बघता आलं. पाच एमएमच्या लाकडी सुया आणि पिस्ता रंगाचे दोन गुंडे घेतले, आणि देण्याआधी एक केलं. सुईवर तीस टाके घातले आणि चार ओळी सुलट विणून ठेवल्या, पाचवी अर्धी सोडली. मला वाटतं कुठल्याही विकतच्या किटमध्ये जे मिळत नाही ते हे आहे. सुरुवातीचे टाके घालणं हे नवीन माणसाला सगळ्यात अवघड जातं आणि आपण तिथूनच शिकवायला लागतो, मग ते तिथेच कंटाळतात. त्यापेक्षा चालू ओळ हातात द्या. सुई आत, लोकर गुंडाळा, बाहेर काढा, सोडा. तिने पंधरा मिनिटांत ती ओळ पूर्ण केली, जीभ थोडी बाहेर काढून, लहानपणी चित्र रंगवताना काढायची तशी. नुसत्या सुलट ओळीच द्यायच्या, कारण एक ओळ सुलट एक उलट केलं की कडा गुंडाळतात आणि मग परत वाटतं आपलंच चुकलं.

दोन दिवसांनी फोन, काकू माझे तीसचे चौतीस झाले. हे सगळ्यांचं होतं. ओळ संपवून सुई फिरवली की लोकर वरून मागे ओढली जाते, मग पहिला टाका दोन टाक्यांसारखा दिसतो आणि आपण दोन विणतो. लोकर खाली ठेवायची, मग मागे न्यायची. एवढंच. पण हे समोर बसलेल्या माणसानेच सांगावं लागतं, म्हणून किट देताना आपला एक तास पण द्या, नाहीतर व्हिडिओ कॉल तरी करा.

या संक्रांतीला माझ्या हळदीकुंकवाला वाण हेच ठरवलंय, प्लास्टिकचे डबे पुरे झाले. सोसायटीतल्या बारा जणी, प्रत्येकीला एक क्रोशाची सुई आणि फिक्या रंगाचा एक गुंडा, त्यावर दहा साखळ्या घालून. आठ झालेत माझे, चार राहिलेत.

पुतणीची पट्टी आता हातभर झालीय. माझ्या चार ओळी घट्ट आहेत, तिच्या सैल, तिथे जोड स्पष्ट दिसतो. मध्ये एक भोक पण आहे, तिने विचारलं उसवू का, मी म्हटलं अजिबात नाही गं, पुढे चल. रविवारी येतेय, टाके बंद कसे करायचे ते दाखवायचंय.