दोन पॉइंटचा फरक

मागच्या एप्रिलात आमचं जहाज कोळसा घेऊन मुरोरानला लागलं. मुरोरान म्हणजे जपानच्या होक्काइदो बेटावरचं पोलादाचं गाव. बंदराच्या तोंडावरच हाकुचो नावाचा झुलता पूल आहे, खालून आत शिरताना वाटतं मास्ट आता लागणार, मग नाही लागत. मी चीफ ऑफिसर, म्हणजे कार्गोचं बरंवाईट जे काही ते माझ्या डोक्यावर.

माल उतरवायच्या आधी ड्राफ्ट सर्व्हे असतो. लोकांना वाटतं एवढा कोळसा काट्यावर मोजत असतील, तर नाही, जहाज पाण्यात किती बुडालंय ते सहा ठिकाणी वाचायचं, पाण्याची डेन्सिटी घ्यायची, टाक्यांमधलं तेल-पाणी, जहाजाचं स्वतःचं वजन सगळं वजा करायचं, उरेल तो माल. सर्व्हेयर म्हणून आले एक आजोबा, सत्तरीच्या पुढचे, हेल्मेटखाली टॉवेल बांधलेला, एकटेच. मी बोसनला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला म्हटलं, ह्यांना शिडीवरून कसं उतरवायचं रे? बोसन उत्तर देईपर्यंत आजोबा दोरीच्या शिडीवरून खाली पोचले पण.

डेन्सिटीचं सँपल मी आधीच काढून ठेवलेलं, गँगवेपाशी बादली सोडून. १.०२२. आजोबांनी हायड्रोमीटर, म्हणजे डेन्सिटी मोजायची नळी, वाचला, मान हलवली आणि पिशवीतून स्वतःचा कॅन काढला. कॅनला वजन, तोंडाला बूच, बुचाला वेगळी दोरी. जहाज जेवढं बुडालंय त्याच्या निम्म्या खोलीपर्यंत नेऊन दोरीला एक झटका, बूच निघालं, वर बुडबुडे आले, ते थांबेपर्यंत हा माणूस पाण्याकडे बघत उभा. १.०२४. बर्फ वितळायचे दिवस, गोडं पाणी वर तरंगत होतं आणि मी नेमकं तेच भरून आणलेलं. हे मला परीक्षेत आलं होतं हो! ९४ हजार टन डिस्प्लेसमेंटला, म्हणजे मालासकट जहाजाच्या एकूण वजनाला, दोन पॉइंट (०.००२) म्हणजे १८० टनांच्या वर फरक, आणि तोही कमीच्या बाजूला. माझ्याच हाताने मी माझ्या जहाजावर शॉर्टेज लावून बसलो असतो.

कॅप्टनसमोर आजोबा अवाक्षर बोलले नाहीत. माझा कागद माझ्याकडे सरकवला आणि चहा पीत बसले, मी आकडा खोडेपर्यंत.

संध्याकाळी त्यांच्या छोट्या गाडीतून त्यांनीच गावात नेलं. दुकानांची शटर्स ओळीने खाली. १९६९ च्या सुमारास इथे १ लाख ८० हजारांवर माणसं होती, आता ८० हजारसुद्धा नाहीत. रिफायनरीतलं तेलशुद्धीकरण २०१४ ला थांबलं. पोलादाची भट्टी चालू आहे म्हणून आमच्यासारखी जहाजं येतात. आणि आता रात्री कारखान्यांचे दिवे बघायला टुरिस्ट आणतात, बोटीतून! आम्ही याकितोरी खाल्ली, म्हणजे खरं तर कोंबडी, पण इथे त्याच नावाने डुकराचं मांस आणि कांदा काडीला लावून वर झणझणीत मोहरी देतात. तुमच्यानंतर सर्व्हेला कोण, असं मी विचारलं. त्यांनी काडी बशीत ठेवली, हाताने 'नाही' केलं आणि अजून दोन मागवल्या.

कोळसा उतरल्यावर फायनल सर्व्हेला मी निम्म्या खोलीवरचं सँपल तयार ठेवलं होतं. त्यांनी वाचलं, मान डोलावली. आणि परत आपला कॅन काढून पाण्यात सोडला.