ओसरीवर काढलेली नळी

गुरुजींच्या घशातली नळी मी काढली. आयसीयूत नाही, त्यांच्या घराच्या ओसरीवर. चौदा वर्षं आयसीयूत नर्स म्हणून ड्युटी करतेय, पण त्या दुपारचा हिशोब अजून लागत नाही.

गुरुजी निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ८१. मेंदूत मोठा रक्तस्राव. ऑपरेशनचा उपयोग नाही, असं पहिल्याच दिवशी सांगितलेलं. नखावर पेन दाबलं तर हात ताठ व्हायचा, बाकी काही नाही. अकराव्या दिवशी आमच्या डॉक्टर सरांनी ट्रॅकिओस्टॉमीचा, म्हणजे गळ्याला छेद देऊन तिथून श्वासाची नळी घालण्याचा, विषय काढला, तेव्हा मुलाने पिशवीतून प्लॅस्टिकची फाइल बाहेर काढली. आत दोन कागद. २०२३ मध्ये नोटरी केलेले, दोन साक्षीदारांच्या सह्या, गुरुजींचं स्वतःचं वळणदार अक्षर. बरं होण्याची आशा नसेल तर यंत्र लावू नये. लावलं असेल तर काढावं. वेदना होऊ देऊ नयेत. काकू म्हणाल्या, "विनोबांनी पवनारला अन्न-औषध सोडलं, ते हे पोरांना वर्गात सांगायचे. तेव्हापासून यांच्या डोक्यात होतं."

हे काही वाटेल ते लिहिलेलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच असं इच्छापत्र मान्य केलंय. आधी त्यावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची, जानेवारी २०२३ मध्ये तीही अट गेली. आता नोटरी चालतो. गोव्यात तर २०२४ साली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवलं. पुढची वाटही घालून दिलेली आहे. हॉस्पिटलने तीन डॉक्टरांचं एक मंडळ नेमायचं, त्यांचा निर्णय दुसऱ्या तीन डॉक्टरांच्या मंडळाने तपासायचा. त्या दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर हवा. नातेवाइकांची संमती घ्यायची, मॅजिस्ट्रेटला कळवायचं आणि मग यंत्र काढायचं.

आमच्याकडे ऑफिसातून उत्तर आलं, "आपल्याकडे असं काही होत नाही. उद्या पोलीस केस झाली तर?" तालुक्याच्या गावात अनुभवी सहा डॉक्टर गोळा करणं सोपं नाही, हे मला मान्य आहे. पण जिल्ह्याला एक फोनसुद्धा कोणी केला नाही. आमचे सर हुशार आहेत, रात्री तीनला उठवलं तरी धावत येतात. पण कागदावर सही करायची वेळ आली की मागे सरतात. मुलाला सांगितलं, "घरी न्यायचं असेल तर डामा भरा." डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर डिस्चार्ज. उपयोग नाही असं सांगणारेही डॉक्टरच, आणि फॉर्मवर सल्ला मोडणारा मात्र मुलगा. ती सही करताना त्याचा हात थरथरत होता. बापाच्या मरणाचा दोष आपण त्याच्या नावावर टाकतो, याची मला चीड येते.

गाव ३८ किलोमीटर. अ‍ॅम्ब्युलन्स साधी, व्हेंटिलेटर नसलेली. म्हणून नळीला अँबू बॅग जोडायची आणि हाताने श्वास द्यायचा. बघणाऱ्याला वाटतं नुसता फुगा दाबायचाय. तसं नसतं. एक, दोन, तीन, चार, पाच, दाब. छाती हलकी वर आली पाहिजे, फुगली नाही पाहिजे. नाडी वाढली की आपलाही हात नकळत घाई करतो, तो आवरावा लागतो. डाव्या हाताची दोन बोटं सतत नळीवर, नळीवरचा २२ चा आकडा ओठाशी दिसत राहिला पाहिजे, म्हणजे नळी सरकलेली नाही. खड्ड्यात गाडी आदळली की आधी आकडा बघायचा, मग छाती. सव्वा तासात मी एकदाही लय सोडली नाही. मॉनिटरवर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ९६ टक्क्यांच्या खाली गेलं नाही. माझ्या कामाचा मला अभिमान आहे. आणि ते सगळं कशासाठी, तर घरी पोचून थांबवण्यासाठी.

ओसरीवर सतरंजी, तिच्यावर पांढरी चादर. काकू तांब्याच्या लोटीत गंगाजल आणि तुळशीपान घेऊन बसल्या. चमचा तोंडाशी नेला आणि थांबल्या. "सिस्टर, कुठून घालू? जागाच नाही." नळी, तिला बांधलेली पट्टी, ओठाच्या कडेला पडलेली जखम. तो चमचा तसाच हवेत राहिला.

सरांना फोन लावला. "पोचलात ना? काढून टाका." लेखी ऑर्डर नाही. नळी आत धरून ठेवणाऱ्या फुग्यातली हवा दहा सीसीच्या सिरिंजने ओढली, पट्टी कापली, नळी काढली. काकूंनी कापसाने ओठ ओले केले, तुळशीपान ठेवलं.

गुरुजी लगेच गेले नाहीत. चाळीस मिनिटं लागली. घशात घरघर, मध्ये श्वास थांबायचा, आता संपलं वाटायचं, आणि पुन्हा जोरात यायचा. आयसीयूत हे नीट करता आलं असतं. आधी वेदना शमवणारं मॉर्फिन, मग घशातला स्राव सुकवणारं इंजेक्शन, सक्शन तयार, आणि मग हळूहळू यंत्र कमी करायचं. माझ्या बॅगेत यातलं काहीच नव्हतं, मॉर्फिन असं बरोबर नेता येत नाही. कुशीवर वळवलं, डोकं उंच केलं, तोंड पुसत राहिले. मुलाने विचारलं, "यांना त्रास होतोय का?" मी नाही म्हणाले. इतक्या मोठ्या रक्तस्रावात जाणीव उरत नाही, असं आम्ही शिकलोय. पण फाइलमधलं तिसरं वाक्य मी वाचलेलं होतं.

अरुणा शानबाग मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स, हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं तिथेच खाटेला खिळलेल्या. त्यांना मरू द्यावं का, याचा निकाल २०११ साली आला तेव्हा मी ट्रेनिंगला होते. वर्गात दोन तट पडले होते. त्यांना मरू द्यायला केईएमच्या सिस्टरांचा विरोध होता. मी त्या सिस्टरांच्या बाजूने होते, आजही आहे. १९७३ ते २०१५, त्यांनी आपल्या मैत्रिणीला सांभाळलं आणि अंगावर बेडसोर होऊ दिला नाही. त्याची किंमत नर्सलाच कळते. पण अरुणाताईंची इच्छा काय होती, ते सांगायला त्यांचा कागद नव्हता. गुरुजींचा होता. इंजेक्शन देऊन जीव घेण्याची परवानगी मी मागत नाही. आपल्याकडे तो गुन्हा आहे आणि माझ्या हाताने ते होणारही नाही. पण जे कायद्याने आधीच दिलंय ते चोरून, ओसरीवर, औषधाशिवाय का करायचं?

आमच्या रजिस्टरमध्ये गुरुजींच्या नावापुढे 'डामा, घरी नेले' एवढंच आहे. मृत्यूची नोंद आमच्याकडे नाही. इच्छापत्राची झेरॉक्स केसपेपरला लावा म्हणून मी दिली होती, ती त्यात नाही.

परवा बेड नंबर चारच्या मुलीने विचारलं, आईला घरी नेता येईल का. मी सरांकडे गेले. म्हटलं, "सर, जिल्ह्याला कळवूया का? नाहीतर निदान लेखी ऑर्डर आणि मॉर्फिन द्या, मी आयसीयूतच करते सगळं नीट." सर बराच वेळ फाइल चाळत राहिले. "दोन दिवस थांबू," म्हणाले. उद्या तिसरा दिवस. माझी मॉर्निंग आहे.