मतलई आणि खाऱ्या वाऱ्यांच्या मधल्या वेळेत

पॉवर्ड पॅराशूटचा छंद आपल्याला झेपेल की नाही हे एकदा उडून आल्यावर कळते, असे मला अनेकांनी सांगितले होते. मला ते कळले काणकोणच्या बाजूला, एका कापणी झालेल्या भातशेताच्या बांधावर बसून. पुण्याहून तिथवरच्या प्रवासात करमल घाटातील वळणे सोडली तर लिहिण्याजोगे काही घडले नाही.

गोव्यात या यंत्राचा विषय काढला की लोकांना बोटीच्या दोराने ओढले जाणारे पॅरासेलिंगच आठवते. हे त्याहून वेगळे आहे. तीन चाकांचा उघडा सांगाडा, त्यावर पुढे-मागे दोन आसने, पाठीशी इंजिन आणि पंखा, व डोक्यावर हवा भरली की विमानाच्या पंखासारखा आकार घेणारे कापड, इतकीच त्याची रचना. अशा कापडी पंखाचे पेटंट डोमिना जाल्बर्ट यांना १९६६ मध्ये मिळाले आणि ऐंशीच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत त्याला चाके व इंजिन जोडले गेले. पॅरामोटरमध्ये इंजिन पाठीवर घेऊन धावावे लागते. इथे बसून उडता येते, हे माझ्या गुडघ्यांना पटले होते.

उजाडण्यापूर्वीच आम्ही शेतावर पोहोचलो, तेव्हा सगळे ज्यांना दादा म्हणत ते प्रशिक्षक बांबूला बांधलेल्या रिबिनीकडे पाहत उभे होते आणि कापड अजून पिशवीतच होते, कारण दवाने भिजलेले कापड नीट उभे राहत नाही. शाळेत गुणांपुरते पाठ केलेले खारे आणि मतलई वारे मला त्या सकाळी पहिल्यांदा समजले. रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा, डोंगर इतका जवळ असल्यामुळे, हिवाळ्यात उजाडल्यावरही जोर धरून राहतो. ऊन चढले की तो पडतो आणि फार वेळ न जाता समुद्रावरून खारा वारा सुटतो. सकाळी उडायचे ते या दोहोंमधल्या शांततेत, आणि ती चुकली तर सूर्यास्ताच्या सुमाराची वाट पाहायची.

एवढा बाऊ कशासाठी, हे यंत्राचा स्वभाव कळल्यावर उमगते. पायाखालचे दांडे दाबून ते वळते, पण थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर, वाढवला तर त्याचा वेग वाढत नाही, ते वर चढते. कमी केला की उतरू लागते. हवेतील वेग ताशी सुमारे ५० किलोमीटरच्या आसपासच राहतो. समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा आला, तर खालचा सायकलस्वारही आपल्याला मागे टाकील आणि इंजिन कितीही गरजले तरी त्यावर उपाय नाही.

हॉटेलातून आलेला एक तरुण मात्र वैतागला होता. "अहो, एवढा वारा आहे कुठे? इथे पानसुद्धा हलत नाहीये."

"माडांच्या शेंड्यांकडे बघा. आपल्याला तिथे जायचंय," दादा म्हणाले.

शेंडे खरोखरच झुलत होते. तासाभराने दादांनी पिशवी न उघडताच त्या तरुणाचे पैसे परत केले आणि आम्हाला चहा पाजला. आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावर भेटलेल्या, अशीच उड्डाणे विकणाऱ्या एकाने वाऱ्याबद्दल विचारताच "वारा काय, रोजचाच" असे म्हटले होते, आणि परवानगीचे कागद दाखवा म्हटल्यावर नुसते "सगळं आहे" एवढेच उत्तर दिले होते. त्याचा मला अजूनही राग आहे. दाबोळी हा नौदलाचा तळ, मोप्याचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू. अशा आकाशात कागद विचारणाऱ्याला झटकून टाकणाऱ्याच्या मागे मी तरी बसणार नाही.

दुसऱ्या दिवशी उडालो. कानांवर हेडफोन असूनही इंजिनाचा आवाज कवटीत घुमत होता, ज्यांना आकाशात शांतता हवी त्यांनी इंजिनाविना पॅराग्लायडिंग करावे. इंजिन बंद पडले तरी कापड फुगलेले राहते आणि यंत्र तरंगत खाली येते, हे खरे. परंतु ते येणार कुठे? एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला माड आणि विजेच्या तारा. पाण्यात उतरलो तर वरून ओले कापड आणि दोऱ्या अंगावर येतात. दादा सतत मोकळ्या शेताच्या टप्प्यात राहून उडत होते. त्यांची ती सावधगिरी मला खालच्या दृश्यापेक्षा अधिक आवडली.

अंधारात उठून, वाऱ्याकडे पाहून, न उडता घरी परतण्याची आणि तरीही पुन्हा येण्याची तयारी माझ्यात आहे, असे मला त्या बांधावर वाटले. सौभाग्यवतींचा प्रश्न वेगळा होता: "ते कापड ठेवणार कुठे?" दोघांना उचलणारे कापड सुमारे ५०० चौरस फुटांचे, म्हणजे आमच्या फ्लॅटएवढे; ते उन्हात विरते, ओले ठेवले तर बुरसते, आणि वाळवण्यासाठी लागणारी गच्ची सोसायटीची आहे, जिथे पापड वाळत घालण्यावरूनही वाद होतात. त्यामुळे यंत्र घ्यायचे नाही, हिवाळ्यात दादांकडे जाऊन शिकायचे, आणि पावसाळ्यात या विषयावर घरात बोलायचे नाही, असे ठरले आहे.