रिकाम्या हातांचा गिटारवाला

वरच्या मजल्यावर टाइल्स फोडायचं काम चाललंय. दुपारी जेवून माणूस जरा लवंडावं म्हणतो, नेमकं तेव्हाच ड्रिल सुरू होतं. परवा वैतागून कानात हेडफोन खुपसले आणि रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडचा ‘किड ए’ हा अल्बम लावला. ‘इडियोटेक’ या गाण्यापर्यंत आले, तर त्यातली ती आपटत धावणारी ड्रम मशीन आणि वरचं ड्रिल यांची लय अशी काही जुळली, की यातलं अल्बममधलं कुठलं आणि शेजाऱ्यांचं कुठलं, मिनिटभर कळेना. ड्रिल थांबलं तेव्हा गाणं जरा उघडं पडल्यासारखं वाटलं, हे खरं सांगते.

‘किड ए’ २००० च्या ऑक्टोबरात आला. त्याआधी १९९७ मध्ये ‘ओके कम्प्युटर’ काढून या ऑक्सफर्डकडच्या पाच शाळासोबत्यांनी जग जिंकलं होतं. तीन गिटार, एक बेस, एक ड्रम. पुढचाही तसाच काढला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण गाणाऱ्या टॉम यॉर्कला त्या दौऱ्यांनी पार पिळून काढलं होतं. त्याला सुरावटींचाच वीट आला, गिटारचा आवाज नकोसा झाला. तो ॲफेक्स ट्विन, ऑटेकर असली यंत्रांवर संगीत करणारी मंडळी ऐकत बसायचा. मग पॅरिस, कोपनहेगन, ग्लॉस्टरशायरमधलं एक जुनं मोठं घर, शेवटी ऑक्सफर्ड, असं फिरत फिरत रेकॉर्डिंग रखडलं. निर्माता नायजेल गॉडरिचने तर एकदा बँडचे दोन गट पाडले. एकाने एका खोलीत आवाज काढायचे, दुसऱ्याने दुसऱ्या खोलीत त्या आवाजांचं काहीतरी करायचं. अट एकच, गिटार-ड्रमला हात लावायचा नाही.

अल्बम आल्यावर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. कुणी डोक्यावर घेतला, कुणी हा काय चावटपणा म्हणून झोडपला, आणि एकही सिंगल, म्हणजे सुटं गाणं, न काढता तो अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेला. त्या भांडणात मला आता रस नाही. माझं मन अडकतं ते एड ओब्रायनमध्ये.

मला ही खोडच आहे. कुठल्याही बँडचा फोटो पाहिला की मधल्याकडे बघतच नाही, कडेला उभा असलेल्याकडे बघते. एड म्हणजे तिसरा गिटारवाला, उंच, भला माणूस. त्याला खरं तर छोटी छोटी, तीन-तीन मिनिटांची, चालीची गाणी करायची होती. म्हणजे टॉमच्या बरोबर उलट. आपण गिटारवादक, आणि अचानक या गाण्यात गिटारच नाही, ही धास्ती काय असते, ते त्याने पुढे मोकळेपणाने सांगितलं आहे. दुसरा गिटारवाला जॉनी ग्रीनवुड, त्याचं निभावलं. त्याने ओंद मार्तनो नावाचं १९२८ सालचं फ्रेंच विजेचं वाद्य धरलं. त्यात बोटात अंगठी घालून ती तारेवरून सरकवत सूर काढतात, आणि तो सूर माणूस आणि सतार यांच्या मधे कुठेतरी रडतो. ‘इडियोटेक’मधले ते चार कॉर्डही, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे जुडगे, त्यानेच हुडकले. पॉल लान्स्की नावाच्या संगीतकाराने १९७३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या आयबीएम मेनफ्रेमवर, म्हणजे अवाढव्य संगणकावर, रचलेल्या एका तुकड्यातून ते घेतले आहेत. जुन्या रेकॉर्डींच्या ढिगात हात घालणारा माणूस कधी बेकार होत नाही. पण एडने काय करायचं? तो स्टुडिओतली डायरी लिहायचा आणि इंटरनेटवर टाकायचा. गिटारवाला डायरी लिहायला लागला, याहून जास्त मी काय सांगू.

आमच्या लहानपणी आईच्या गाण्याच्या क्लासला एक काका तबल्याला यायचे. डग्ग्याला खालून चुंबळ लावायचे, तळहातावर टाल्कम पावडर झटकायचे, छोट्या हातोडीने गठ्ठे ठोकून सूर जुळवायचे. तो ठकठकाट आम्हा मुलांना गाण्यापेक्षा आवडायचा. मग शिकवणाऱ्या बाईंनी तबला मशीन आणली. रेडिओएवढा डबा, ताल निवडायचा एक खटका, लयीची एक गोल कळ. बाई पेटीवर बसायच्या, डबा तिच्यावरच ठेवायच्या. काकांना कुणी ‘येऊ नका’ म्हटलं नाही आणि काका यायचे थांबले नाहीत. कोपऱ्यात बसून चहा प्यायचे. पंधरवड्याभरात लयीच्या कळीचा ताबा त्यांच्याकडे गेला, कारण कुठली बाई तान घेताना अर्धी मात्रा मागे पडणार हे त्यांना आधीच कळायचं. पूर्वी ते तिच्यासाठी थांबायचे. ठेका जरा भरायचा, एखादा तुकडा जास्त घालायचा, आणि ती समेवर आली की जणू तिथेच यायचं ठरलं होतं अशी मान डोलवायचे. मशीन थांबत नसे. मग काका कळ हळूच मागे फिरवायचे. डब्याचा तीनताल गोगलगाय व्हायचा आणि आम्ही मुलं फिदीफिदी हसायचो. डाव्या हाताची बोटं मात्र पूर्ण वेळ मांडीवर चालू असायची.

पुढे क्लास बंद पडला. डबा कुठे गेला कोण जाणे.

हां, तर एड. या अल्बमच्या बरोबर मध्यावर ‘ट्रीफिंगर्स’ नावाचा तुकडा आहे. शब्द नाहीत, ताल नाही, सूर नुसते येतात, पसरतात, विरतात. पाहुणे आले असताना लावला तर दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी म्हणतं, “हे अडकलंय का?” बहुतेक लोक तो पुढे ढकलतात. माझ्या ओळखीत स्वतःला रेडिओहेडभक्त म्हणवणारा एक जण आहे, त्याच्या फोनमध्ये ‘किड ए’ची नऊच गाणी आहेत, ‘ट्रीफिंगर्स’ काढून टाकलंय. त्याच्याशी मी अजून बोलते, पण बेताने.

तो तुकडा कीबोर्डचा नाही. एडने वाजवलेल्या गिटारचे तुकडे घेऊन टॉमने ते संगणकात घातले आणि ताणून, वितळवून असे करून टाकले की ते गिटार आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. सांगितल्यावरही कळत नाही. मी पुष्कळदा कान लावून बसते, की कुठेतरी तार छेडल्याची खूण सापडेल, बोट घसरल्याचा एक किर्रकन आवाज. नाही सापडत. गिटार नको म्हणून सुरू झालेल्या अल्बमच्या पोटात साडेतीन मिनिटांहून जास्त गिटार आहे, आणि ती वाजवणाऱ्यालासुद्धा ऐकल्यावर ओळखू आली असेल की नाही, शंकाच आहे.

पुढे मैफलींमध्ये एड गिटार घेऊन उभा असायचाच, आणि ड्रमवाला फिल सेल्वे ‘इडियोटेक’चा तो यंत्राचा ठेका हातांनी वाजवायला शिकला. घामाघूम होऊन वाजवतो. मशीनला घाम येत नाही हा मशीनचा दोष नाही, पण मला घामवालं जास्त आवडतं. असो. बाकी अल्बम कुणाला आवडला नाही तरी माझं काही म्हणणं नाही, गाडीत मी शेजारी असताना ‘ट्रीफिंगर्स’ पुढे ढकलायचं नाही, एवढंच.