रोमच्या तळघरात भेटलेला गेटा

तिसऱ्या दिवशी आईचे गुडघे बोलायला लागले, म्हणून टर्मिनी स्टेशनजवळच्या पलात्झो मासिमो म्युझियममध्ये शिरलो. लोक वर भित्तिचित्रांकडे जातात, आम्ही थेट तळघरात, नाण्यांकडे. बँकेच्या लॉकररूमसारखी शांतता आणि एक गार्ड, तोही जांभया देत.

देनारिअस म्हणजे चांदीचं नाणं, आपल्या रुपयापेक्षाही छोटं. पण त्यावर अख्खं खानदान! सम्राट सेप्टिमिअस सेव्हेरस मूळचा लिबियातला, यादवीत गादी मिळवलेला, मागे घराणं नाही. मग पठ्ठ्याने इ.स. 195 मध्ये स्वतःला मार्कस ऑरेलिअस या आधीच्या सम्राटाचा मुलगा जाहीर केलं, मार्कस जाऊन तेव्हा 15 वर्षं झाली होती. दत्तकाचे घोळ आपल्याकडेही कमी नाहीत, पण इथे दत्तक जाणाऱ्यानेच परस्पर उरकून घेतलं. शिवाय बायको ज्युलिया डोम्ना, मुलं काराकाला आणि गेटा, सगळे नाण्यांवर. नाण्यातली चांदी मात्र त्याने जवळपास निम्म्यावर आणली, म्हणजे घराणं मोठं आणि नाणं खोटं.

धाकट्या गेटाच्या नाण्यावर आई अडकली. गुबगुबीत गाल, 'युवकांचा अग्रणी' असा किताब, आणि पुढच्या नाण्यांवर तोच दाढीवाला. "हे पोर मोठं झालं बघ," म्हणाली. मी सांगितलं, फार नाही, 211 च्या डिसेंबरात सख्ख्या भावाने मारलं, तेही आईच्या कुशीत. ती काही बोललीच नाही.

दुसऱ्या दिवशी फोरममध्ये, म्हणजे रोमच्या जुन्या चौकात, सेव्हेरसची कमान बघितली, 203 सालची. वरच्या शिलालेखात चौथी ओळ नीट बघा, तिथला दगड खोल गेलाय आणि जुन्या अक्षरांची भोकं अजून दिसतात. गेटाचं नाव तासून तिथे बाप आणि भावाची स्तुती कोंबलीये. काराकालाने गेटाची नाणीसुद्धा वितळवली असं डिओ हा त्या काळचा इतिहासकार लिहितो, पण बाजारात फिरणारी चांदी गोळा करून करून किती करणार, कोणाच्या कनवटीला, कोणाच्या मडक्यात पुरलेली.

मला तिथे उभ्या उभ्या आपलं नाशिकजवळचं जोगळटेंभी आठवलं. 1906 मध्ये तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, क्षत्रप राजा नहपानाची, त्यातल्या बहुतेकांवर त्याला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारलेला. तरी काहींवर त्याच्या चैत्याच्या (कमानींच्या डोंगरासारख्या चिन्हाच्या) ठशाखालून नहपानाचं नाक डोकावतंच.

आईने त्या दिवशी जेलातो आइस्क्रीम खाल्लं नाही, गुडघ्याचं कारण सांगितलं.